मांसाहार सोडताय? आधी मोठ्यांचं ताट, मग मुलांचं

मांस सोडणं तब्येतीला मानवतं का, या प्रश्नाची उत्तरं दोन आहेत. निरोगी प्रौढ माणसाला मानवतं, बहुतेकदा चांगलंच मानवतं. अट एवढीच की मांसाच्या जागी काय येणार हे ठरलेलं असावं आणि बी१२ जीवनसत्त्वाची सोय झालेली असावी. मुलांना दूध आणि अंडी चालू असतील तर मानवू शकतं, पण तिथे नुसत्या चांगल्या हेतूवर भागत नाही. दूध-अंडीही बंद करायची असतील, तर मुलाच्या बाबतीत ते डॉक्टर आणि आहारतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय करूच नये, असं माझं मत आहे.

म्हणून पहिला सल्ला: सगळं घर एकाच दिवशी शाकाहारी करू नका. मोठ्यांनी आधी दोन-तीन महिने करून पाहावं. कोणती कडधान्यं घरात खपतात, कोणती ताटात तशीच उरतात, सकाळच्या घाईत काय जमतं, हे तेवढ्यात कळतं. मग मुलांकडे वळावं.

फायदा किती, ते आधी जोखून घ्या

अपेक्षा अवाजवी असली की चार महिन्यांत उत्साह ओसरतो. त्यामुळे हे आधी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, हॅम, बेकन, सलामी वगैरे, माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. लाल मांस, म्हणजे मटण, गोमांस, डुकराचं मांस वगैरे, ‘बहुधा घडवतं’ या खालच्या गटात गेलं. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका साधारण १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा हिशोब आहे. तंबाखूही याच पहिल्या गटात आहे, आणि त्यावरून ‘हॅम म्हणजे सिगारेट’ असे संदेश फिरत असतात. ते चूक आहे. एका गटात असणं म्हणजे पुरावा सारखाच पक्का असणं. धोका तेवढाच असतो असं नाही.

हृदयाच्या बाजूने ब्रिटनमधल्या एपिक-ऑक्सफर्ड पाहणीचे निष्कर्ष बोलके आहेत. ४८ हजारांहून जास्त लोकांचा सुमारे १८ वर्षं मागोवा घेतल्यावर २०१९मध्ये दिसलं, की शाकाहारी लोकांमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार मांस खाणाऱ्यांपेक्षा २२ टक्क्यांनी कमी होता. त्याच पाहणीत पक्षाघात मात्र २० टक्क्यांनी जास्त निघाला. पुढच्या वर्षी याच गटातली हाडांची आकडेवारी आली, तेव्हा दूध-अंडीही न घेणाऱ्या व्हीगन लोकांमध्ये फ्रॅक्चरचं प्रमाण ४३ टक्क्यांनी जास्त आढळलं. तेव्हा फायदा खरा आहे, पण तो फुकट मिळत नाही. शिवाय अशा पाहण्यांतले शाकाहारी लोक बरेचदा सिगारेट कमी ओढतात, दारू कमी पितात, अंगाने सडसडीत असतात. संशोधक हा फरक हिशोबातून वजा करायचा प्रयत्न करतात, पण तो पूर्ण वजा होत नाही.

पायरी १: नेमकं काय सोडणार ते ठरवा

फक्त लाल आणि प्रक्रिया केलेलं मांस सोडणं, मासे ठेवून बाकी सोडणं, दूध-अंडी ठेवणं, फक्त दूध ठेवणं, आणि प्राण्यांपासून मिळणारं काहीच न खाणं, असे पाच टप्पे आहेत. जितकं पुढे जाल तितकी आखणी काटेकोर लागते. निव्वळ तब्येतीसाठी सोडत असाल तर पहिल्या दोन टप्प्यांतच बराचसा लाभ पदरात पडतो, हे कुणी फारसं सांगत नाही. प्राण्यांविषयीच्या करुणेपोटी किंवा पर्यावरणासाठी सोडत असाल तर टप्पा कुठला हा तुमचा प्रश्न. आखणीचं काम मात्र तेवढंच राहतं.

पायरी २: आधी रक्त तपासून घ्या

हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप), बी१२ आणि ड जीवनसत्त्व, एवढ्या चार तपासण्या सुरुवातीला करून ठेवा. त्यात फेरिटिन महत्त्वाचं, कारण हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही शरीरातला लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो. सुरुवातीचे आकडे हाताशी नसतील तर वर्षभराने थकवा आल्यावर दोष आहाराचा की आधीपासूनचा, हे सांगता येत नाही.

काही जणांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मूत्रपिंडाचा आजार असलेले, मधुमेहाची औषधं घेणारे (आहार बदलला की साखर बदलते, मग डोसही बदलावा लागू शकतो), आणि वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणारे. वॉरफरिनवर असताना पालेभाज्या अचानक वाढवल्या तर त्यांतल्या के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम घटतो.

पायरी ३: मांसाची जागा रिकामी ठेवू नका

सगळ्यात जास्त गोची इथेच होते. मांस काढलं आणि त्या जागी जास्तीचा भात, ब्रेड, बटाटा, चीज आणि बिस्किटं आली, तर माणूस शाकाहारी होतो पण निरोगी होत नाही. मांसासारखे दिसणारे तयार पदार्थ अधूनमधून ठीक आहेत. पाकिटावर मिठाचा आकडा वाचला की रोज का खाऊ नयेत ते कळेल.

प्रौढाला शरीराच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला ५० ग्रॅम. हा डोंगर वाटतो तेवढा उंच नाही. ७५ ग्रॅम कोरडी डाळ किंवा कडधान्य १७ ग्रॅमच्या आसपास देतं. ४०० मिलिलिटर दूध किंवा दही १३ ग्रॅम, एक अंडं ६ ग्रॅम, आणि दिवसभराचं धान्य मिळून आणखी २० ते २५ ग्रॅम. झाले की! दूध-अंडी नसतील तर ती तूट सोयाबीन, टोफू, शेंगदाणे आणि जास्तीची कडधान्यं भरून काढतात. वनस्पतींची प्रथिनं थोडी कमी पचतात, म्हणून व्हीगन माणसाने हिशोब जरा सढळ धरावा. साठी ओलांडलेल्यांनाही स्नायू टिकवायला जास्त लागतात. किलोमागे १ ते १.२ ग्रॅम धरा.

धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, कडधान्यांत मिथिओनिन कमी. दोन्ही खाल्ली की एकमेकांची उणीव भरून निघते. ती एकाच घासात पडली पाहिजेत असा मात्र नियम नाही, दिवसभरात आली तरी चालतात.

पायरी ४: बी१२, इथे वाटाघाट नाही

बाकी सगळ्या गोष्टी ताटातून भागवता येतात. ही नाही. बी१२ जिवाणू तयार करतात आणि आपल्याला ते प्राणिज अन्नातून मिळतं. वनस्पतींत ते भरवशाने सापडत नाही. स्पिरुलिना, आंबवलेले पदार्थ, न धुतलेल्या भाज्या यांची नावं सर्रास घेतली जातात. स्पिरुलिनात जे असतं ते बहुतांशी बी१२सारखं दिसणारं पण माणसाच्या शरीरात निरुपयोगी द्रव्य आहे. त्याने काही तपासण्यांत आकडा चांगला दिसू शकतो, म्हणजे फसवणूक दुहेरी.

गंमत अशी, की यकृतात बी१२चा साठा वर्षानुवर्षं पुरेल एवढा असू शकतो. म्हणूनच ‘मी तीन वर्षं काहीच घेत नाही, मला कुठे काय झालं?’ असं म्हणणारे भेटतात. साठा संपत आला की हातापायांना मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं, विसराळूपणा, जीभ लाल होणं अशी लक्षणं हळूहळू सुरू होतात. मज्जातंतूंची इजा फार दिवस अंगावर काढली तर ती पूर्ण भरून येत नाही. त्यातून शाकाहारात फोलेट हे जीवनसत्त्व भरपूर असतं. त्यामुळे बी१२च्या कमतरतेने होणारा रक्तक्षय झाकला जातो आणि रक्ताचा साधा अहवाल निर्धास्त करतो. मज्जातंतूंचं नुकसान आत चालूच राहतं.

प्रौढाची रोजची गरज २.४ मायक्रोग्रॅम इतकी नगण्य आहे. मग गोळ्या ५०० नाहीतर १००० मायक्रोग्रॅमच्या का? कारण जठरातल्या एका प्रथिनाच्या मदतीने एका वेळी जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम शोषलं जातं. उरलेल्यातलं फक्त एक टक्का तसंच झिरपून आत जातं. व्हीगन प्रौढांसाठी नेहमी सांगितला जाणारा डोस म्हणजे रोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम. दूध-अंडी घेणाऱ्यांचं काय? कपभर दुधातून साधारण १ मायक्रोग्रॅम आणि अंड्यातून अर्धा मिळतो. म्हणजे चहात ओतलेल्या दुधावर विसंबून भागत नाही. रोज दोन-तीन कप दूध-दही पोटात जात नसेल तर गोळी घ्यावी किंवा वर्षातून एकदा तपासणी करावी. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणारे, आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणारे आणि पन्नाशी ओलांडलेले यांचं शोषण आधीच मंदावलेलं असतं, त्यांनी जास्त जपावं.

पायरी ५: लोह आणि झिंक स्वयंपाकघरातच सांभाळता येतात

मांसातलं लोह शरीर सहज घेतं, वनस्पतीतलं नखरे करतं. म्हणून अमेरिकेतल्या शिफारशींत शाकाहारी माणसाची लोहाची गरज १.८ पट धरली आहे. पाळी चालू असलेल्या स्त्रियांची मूळ शिफारसच दिवसाला १८ मिलिग्रॅम आहे, पुरुषांची ८. त्यामुळे घरात सगळे एकच जेवण जेवत असले तरी धोका सारखा नसतो. बाईचं फेरिटिन आधी घसरतं.

उपाय साधे आहेत आणि ते खरंच काम करतात. कडधान्यं भिजवा, मोड आणा, पीठ आंबवा. यातून फायटेट कमी होतं, आणि लोह व झिंक दोन्ही अडवून धरणारं द्रव्य तेच आहे. जेवणाबरोबर क जीवनसत्त्वाचं काहीतरी असू द्या. वरून पिळलेलं लिंबू, टोमॅटो, संत्रं, पेरू, कच्ची सिमला मिरची यांपैकी काहीही. चहा-कॉफी जेवणापासून तासभर तरी लांब ठेवा. ही शेवटची सूचना लोकांना सगळ्यात जड जाते. कॅल्शियमची गोळी असेल तर तीही लोहाच्या जेवणाबरोबर नको. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीशिवाय स्वतःच्या मनाने सुरू करू नका, जास्तीचं लोहही घातक असतं.

पायरी ६: उरलेली मंडळी

आयोडीनयुक्त मीठ वापरा. महागडं सैंधव किंवा समुद्री मीठ घ्यायचं तर त्यात आयोडीन घातलंय का ते वाचा. मासे आणि दूध दोन्ही गेले तर आयोडीनचा दुसरा मोठा आधार उरत नाही.

दूध नसेल तर कॅल्शियमसाठी कॅल्शियमने घट्ट केलेला टोफू, कॅल्शियम घातलेलं सोयादूध, तीळ आणि कोबीच्या कुळातल्या हिरव्या भाज्या. पालकावर भरवसा नको. त्यात कॅल्शियम असतं, पण ऑक्झलेटमुळे त्यातलं ५ टक्क्यांच्या आसपासच आत जातं. ड जीवनसत्त्व ऊन आणि गरज पडल्यास गोळी. ओमेगा-३साठी रोज चमचाभर भरडलेलं जवस किंवा मूठभर अक्रोड. त्यातून डीएचए हे लांब साखळीचं ओमेगा-३ फार थोडं बनतं, म्हणून गरोदरपणात शेवाळापासून काढलेल्या डीएचएच्या तेलाबद्दल डॉक्टरांना विचारावं.

पायरी ७: पहिले दोन महिने

पोट फुगणार. तंतुमय पदार्थ अचानक दुप्पट झाले की आतड्यातल्या जिवाणूंना जुळवून घ्यायला वेळ लागतो. कडधान्याचं प्रमाण दर आठवड्याला थोडं वाढवा, भिजवलेलं पाणी फेकून द्या, पाणी भरपूर प्या. आठवड्यातले दोन-तीन दिवस मांसाशिवाय, मग चार, मग सगळे, या क्रमाने गेलेले लोक टिकतात असं मी पाहिलंय. शपथ घेऊन एका रात्रीत सोडणारे कमी टिकतात. सतत भूक लागत असेल तर प्रथिनं आणि तेल-दाणे कमी पडताहेत असं समजा. तीन-चार महिन्यांनी चारही तपासण्या पुन्हा करा.

आता मुलं

मूल म्हणजे छोट्या मापाचा प्रौढ नव्हे. सात ते बारा महिन्यांच्या बाळाची लोहाची अमेरिकी शिफारस दिवसाला ११ मिलिग्रॅम आहे, बापापेक्षा जास्त! वर्षा-दोन वर्षांच्या मुलाला दर किलोमागे प्रौढाच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते आणि पोट असतं मुठीएवढं. मोठ्यांना सडपातळ ठेवणारं ताट, म्हणजे सालीसकट धान्य, भरपूर भाज्या, कमी तेल, हेच ताट मुलाचं पोट भरतं आणि ऊर्जा मात्र अर्धीच देतं.

पुरावा काय म्हणतो? कॅनडात जवळपास ९,००० मुलांची पाहणी २०२२मध्ये प्रसिद्ध झाली. शाकाहारी मुलांची सरासरी उंची आणि लोहाचा साठा इतरांसारखाच होता, पण वजन कमी असण्याची शक्यता जवळपास दुप्पट होती. पोलंडमध्ये ५ ते १० वर्षांच्या मुलांचा एक छोटा अभ्यास २०२१मध्ये आला. त्यात व्हीगन मुलांचं वाईट कोलेस्टेरॉल २५ टक्क्यांनी कमी होतं. पण ती सरासरी ३ सेंटिमीटर बुटकी होती आणि त्यांच्या हाडांतलं खनिजाचं प्रमाण ४ ते ६ टक्क्यांनी कमी होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचना ६ ते २३ महिन्यांच्या बाळांना मांस, मासे किंवा अंडी यांपैकी काहीतरी रोज मिळावं असं म्हणतात. अमेरिकेतली आहारतज्ज्ञांची संघटना २०१६मध्ये नीट आखलेला शाकाहार सगळ्या वयांना योग्य आहे असं म्हणत होती. २०२५चं तिचं नवं निवेदन फक्त प्रौढांबद्दल बोलतं, तेही गरोदर आणि स्तनदा स्त्रिया वगळून. मुलांचं शास्त्र अजून पातळ आहे, एवढा बोध यातून मी घेतो, आणि पातळ बर्फावर सावकाशच चालावं.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचं दूध किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं फॉर्म्युला दूध. आई पूर्ण व्हीगन असेल आणि बी१२ घेत नसेल, तर तिला स्वतःला काही जाणवायच्या आत बाळाला कमतरता होते. बाळ मलूल पडतं, किरकिरं होतं, बसायला-मान धरायला शिकलेलं विसरतं. मेंदूवरचा परिणाम कायमचा राहू शकतो. या एका कारणासाठी तरी आईने गोळी चुकवू नये.

सहा महिने ते दोन वर्षं हा सगळ्यात नाजूक काळ. जन्मासोबत आलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्यापर्यंत संपत येतो. घट्ट शिजवलेल्या डाळी, नीट शिजवलेलं अंडं, लोह घातलेलं बाळांचं धान्य हे पहिल्या घासांपासून असावं, त्यात तूप, तेल किंवा शेंगदाण्याची बारीक पेस्ट. (अंडी आणि शेंगदाणे थोड्या प्रमाणात सुरू करून ॲलर्जी पाहावी, तीव्र इसब असलेल्या बाळाला देण्याआधी डॉक्टरांना विचारावं.) वरणाच्या नुसत्या पाण्याने पोट भरतं, बाळ वाढत नाही. बदाम, तांदूळ किंवा ओट यांचं ‘दूध’ आईच्या किंवा फॉर्म्युला दुधाच्या जागी देऊ नका, त्यात प्रथिनं फारच कमी असतात. उलट बाजूने, वर्षानंतर गाई-म्हशीचं दूध दिवसाला अर्धा लिटरच्या वर गेलं तर जेवणाची भूक मरते आणि लोह घसरतं. ‘जेवत नाही पण दूध छान पितो’ असं कौतुकाने सांगितलं जातं, तेव्हा रक्त तपासायची वेळ झालेली असते.

दोन वर्षांपुढे दिवसातून तीन जेवणं आणि दोन सकस मधली खाणी ठेवा, प्रत्येक वेळी प्रथिनाचं काहीतरी. अख्खे दाणे, बदाम, अक्रोड पाच वर्षांपर्यंत नकोत, घशात अडकतात. कूट किंवा पेस्ट द्या. सगळं धान्य सालीसकटच हवं असा हट्ट लहान मुलांपुरता सोडा. दूध-अंडी दोन्ही बंद असतील तर बी१२, ड जीवनसत्त्व आणि आयोडीन यांची सोय वयानुसार डॉक्टरांकडून लिहून घ्या. मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. मूल मावशीकडे किंवा मित्राच्या वाढदिवसाला मांस खाऊन आलं तर त्यावरून घरात खटला चालवू नये, हेही जाता जाता.

किशोरवयात बहुतेकदा मुलंच घरी येऊन जाहीर करतात, ‘मी आजपासून मांस खाणार नाही.’ त्यांचा विचार गंभीरपणे घ्या आणि स्वयंपाकात हात घालायला लावा. मुलींची पाळी सुरू झाल्यावर फेरिटिन तपासा. एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. मांसानंतर तेल गेलं, मग दूध, मग रात्रीचं जेवण, सोबत वजनकाट्यावर सारखं चढणं, चारचौघांत जेवण टाळणं. मग प्रश्न मांसाचा राहिलेला नसतो. खाण्याचा विकार शाकाहाराच्या आडोशाने येऊ शकतो. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला उशीर करू नका.

मागे कधी फिरायचं

मुलाची उंची-वजन दोन वर्षांपर्यंत दर दोन-तीन महिन्यांनी आणि पुढे दर सहा महिन्यांनी वाढीच्या तक्त्यावर मांडा. एखादा ठिपका खाली आला तर घाबरायचं कारण नाही, आजारपणाने असं होतं. पण मुलाची रेषा लागोपाठ दोन वेळा खाली सरकली, किंवा मूल फिकट दिसतंय, माती-खडू खातंय, खेळताना लवकर दमतंय असं वाटलं, तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि तोवर जे अन्न शेवटी बंद केलं होतं, बहुधा अंडं किंवा दूध, ते त्याच दिवशी परत सुरू करा. कारण शोधायचं काम त्यानंतरही करता येतं.